मेणाने काढलेली थोरली

आमच्या अक्काला सगळा कारखाना 'रेघ' म्हणायचा. कपबशांचा कारखाना होता तो, नदीच्या अंगाला, लांबच लांब पत्र्याच्या शेडांचा. मी भट्टीवर आणि अक्का रंगखात्यात. रंगखात्यात बायका ओळीने बसायच्या, प्रत्येकीपुढे हाताने फिरवायची एक फिरकी. फिरकीवर बशी ठेवायची, डाव्या हाताने फिरकीला टिचकी द्यायची, उजव्या हातातला कुंचला काठाला टेकवायचा आणि श्वास रोखायचा. बशी एक फेरा घेते आणि रेघ आपल्याच शेपटीला येऊन मिळते. बाकीच्यांच्या रेघेचा सांधा दिसायचा, कुठे जाडसर, कुठे हुकलेला. अक्काच्या रेघेचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे शोधायला मुकादम एकदा भिंग घेऊन बसला होता. सापडलं नाही. मग त्याने मनगटाकडे बघितलं आणि म्हणाला, वेळ झाली. ह्या मुकादमाचं नाव आम्ही 'घड्याळ' ठेवलं होतं, कारण काही बोलायला सुचलं नाही की तो एवढंच म्हणायचा. स्वतःच्या लग्नातही म्हणाला होता म्हणे. पण ती गोष्ट मी सुरू केली तर अक्का राहून जाईल.

आमच्या घरात दोन आया होत्या. एक आमची आई, आणि दुसरी कोनाड्यातली थोरली. थोरली म्हणजे एक चित्र, बिनकाचेच्या चौकटीतलं. आईच्या आजीने दिव्याच्या काजळीत बोट बुडवून जाड कागदावर काढलेलं. ही पणजी काही चित्रं काढणारी बाई नव्हती. तिने मांजर काढलं तर लोक विचारायचे, हा डोंगर कुठला? पण एका दुपारी घरात कुणी नसताना तिचं बोट आपोआप चाललं आणि जगाची आई कागदावर उतरली, असं आमच्याकडे सांगायचे. खरंखोटं थोरलीला ठाऊक.

आईचं तिच्याशी वागणं अगदी शेजारणीसारखं. हात जोडणं नाही, मागणं नाही, नुसतं बोलणं. सकाळी पाणी भरता भरता सांगायची, थोरले, छप्पर पुन्हा गळतंय, तुझ्या डोक्यावर पडेल तेव्हा कळेल तुला. धाकट्याचा दात पडला बघ. शेजारची पुन्हा साखर मागून गेली, आणि तू बघत बसलीस. आम्हा भावंडांनाही तीच सवय लागली. पाण्याची सुरई मी फोडली नाही, हे मी थोरलीला शपथेवर सांगितलं होतं, आणि मग जेवताना तिच्याकडे पाठ करून बसलो. आईने काही न विचारता माझा कान पिळला.

अक्का लग्न होऊन गेली आणि चार वर्षांत परत आली, कडेवर मुलगी घेऊन. भावोजींनी दुसऱ्या गावात दुसरा संसार मांडला होता. त्यावर आमच्या घरात फार बोलणं झालं नाही. आई थोरलीला एवढंच म्हणाली, आणखी दोघी आल्यात गं, सरक जरा. मुलगी चिमूटभर, म्हणून तिला चिमटी म्हणायला लागलो. चिमटी बोलकी. आजीचं बघून तीही थोरलीपुढे जाऊन उभी राहायची. एकदा तिने थोरलीला विचारलं होतं, तुला पाठीला खाज सुटली तर कोण खाजवतं? आम्ही हसून लोटपोट. अक्का सगळ्यात जास्त हसली. अक्काचं ते हसणं माझ्या अजून कानांत आहे. त्यानंतर फार ऐकायला मिळालं नाही.

सहाव्या वर्षी चिमटीला ताप आला. सहा दिवस हटेना. डॉक्टर आले, औषध बदललं, पुन्हा आले. अक्का कामावर गेली नाही. मुलीला मांडीवर घेऊन कोनाड्यासमोर बसून राहिली. एरवी न मागणाऱ्या घरात तिने त्या सहा दिवसांत किती मागितलं असेल ते मोजता येणार नाही. सातव्या दिवशी सकाळी मी कामावरून परत आलो तर ती दारात उभी, तोंडभर हसू. म्हणाली, ताप उतरला रे धाकट्या, कपाळ गार लागतंय, बघ हात लावून.

मी आत जाऊन हात लावला.

त्यापुढचं लिहीत नाही. एवढंच सांगतो, की चिमटीला पोचवून आल्यावर अक्का सरळ कोनाड्यापाशी गेली आणि तिने थोरलीची चौकट फिरवून तोंड भिंतीकडे करून ठेवली. आई पाणी भरत होती, ती भरतच राहिली.

चौकट तशी बावीस वर्षं होती. तपकिरी पुठ्ठा, वर दोन खिळे. सवय झाली आम्हाला. अक्का कामावर गेली की आई त्या पुठ्ठ्याशी बोलायची, पण आवाज खाली गेला होता. माझं लग्न झालं, तेव्हा बायकोने नवेपणी विचारलं, भिंतीकडे तोंड करून कोण बसलंय? आई म्हणाली, रुसलीय. कोण, ते तिने सांगितलं नाही आणि बायकोने शहाणपणाने पुन्हा विचारलं नाही.

अक्काची रेघ मात्र तसूभर ढळली नाही. उलट आणखी सुबक झाली. मला त्याचीच भीती वाटायची.

मग आई आजारी पडली. शेवटच्या दिवसांत तिची खाट कोनाड्यासमोरच होती. अक्का तिचं सगळं करायची, न्हाऊमाखू घालायची, रुसवाफुगवा काही नाही. एका दुपारी मी शेजारी बसलो असताना आई अक्काला म्हणाली, "फिरव गं तिला एकदा. येतेय म्हणून सांगायचंय."

अक्का वाटी पुसत होती. पुसतच म्हणाली, "ती ऐकत नाही, आई."

आईने पुन्हा म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली, तपकिरी पुठ्ठ्याकडे बघत. मी फिरवू शकलो असतो. उठून चार पावलं टाकायची होती. पण ती चौकट अक्काची होती. घरात काही काही वस्तूंना असा मालक असतो.

महिनाभराने अक्काने स्वतःच चौकट फिरवली. मी तिथेच होतो. आत कोरा कागद होता, पिवळा, कडांना बुरशी. कोनाड्याची भिंत न्हाणीघराच्या अंगाची, बावीस वर्षं ओल झिरपत होती. काजळी ओलीबरोबर कागदावरून उतरून भिंतीला लागली होती, हाताएवढा काळा डाग, त्याला ना डोळा ना नाक. अक्का एकदा कागदाकडे बघायची, एकदा भिंतीकडे. मग मला म्हणाली, "कशी होती रे ती?"

मी आठवायला लागलो. आणि मला आठवेना. माणसाला आईच्या पायातली चप्पल आठवते, सुरईचा रंग आठवतो, आणि रोज जिच्यापुढे वाढलो तिचा चेहरा आठवत नाही. अक्कालाही आठवेना. सांगू शकणारी एकच होती, ती महिन्यापूर्वी गेलेली.

तेव्हापासून अक्काला एकच ध्यास लागला. थोरलीचं तोंड पुन्हा बघायचं. आईचा निरोप राहिलाय, तो द्यायचा कुणाला, डागाला? असं ती एकदाच बोलली, पण तिच्या प्रत्येक हालचालीत ते दिसायचं. कारखान्यातून टवका उडालेल्या बशा घरी आणायची आणि खिडकीपाशी बसून कोळशाने काढायची. हात तयार, नजर तयार. पण काय यायचं? पान, फूल, वेलबुट्टी, काठाची रेघ. तीस वर्षं जे गिरवलं तेच. चेहरा काढायला जावं तर तो कारखान्याच्या नमुनावहीतून उतरल्यासारखा गुळगुळीत यायचा. बघायची आणि फडक्याने पुसून टाकायची. मी एकदा चेष्टेने म्हटलं, पणजीला मांजर येत नव्हतं म्हणून तिला थोरली जमली, तुला सगळंच येतं. ती हसली नाही. विचार करत राहिली.

त्यातच तिचे डोळे गेले. एकदम नाही. आधी काठ धूसर, मग मधलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, शिरा वाळत चालल्यात, ह्याला चष्मा नाही. घड्याळाने तिला रंगखात्यातून काढून मेणावर बसवलं. चांगुलपणाने बसवलं, हे कबूल करायला हवं. दुसरा असता तर घरी पाठवलं असतं.

मेणाचं काम म्हणजे असं. एकदा भाजलेली बशी झिलईच्या पिंपात बुडवायची, की तिच्यावर पांढरा थर बसतो आणि दुसऱ्या भट्टीत त्याची काच होते. पण बुडाला झिलई राहिली तर बशी भट्टीच्या लादीला कायमची चिकटते. म्हणून बुडवण्याआधी बुडाला वितळलेलं मेण फासायचं. मेणावर झिलई ठरत नाही, ओघळून जाते. मेण भट्टीत जळून जातं आणि तेवढी माती उघडी राहते, खरखरीत. फासलेलं दिसावं म्हणून बायका मेणात चिमूटभर लाल रंग टाकायच्या. अक्काला लालही दिसायचा नाही, ती बोटाने बुडाची कड चाचपून फासायची. रेघच ती. मेणातही चुकली नाही, त्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी मेणात लाल टाकायचं राहून गेलं होतं आणि कामाला मोठी वाढपाची ताटं आली होती. ताटाला काठाच्या आतून एक कंगोरा होता. अक्काच्या बोटाला तो बुडाच्या कडेसारखा लागला आणि तिने ताटाच्या दर्शनी बाजूला मेणाचा अख्खा फेरा मारला. मारून झाल्यावर कळलं. भाजल्या मातीत मेण शिरलं की निघत नाही, ताट वाया गेलं. शेजारची बाई म्हणाली, आज रेघ चुकली वाटतं, आता पाऊस पडणार. अक्का तिला म्हणाली, पडू दे, छत्री तुझ्याकडेच आहे. आणि तिने ते ताट बाजूला ठेवलं नाही. मांडीवर घेतलं.

पुढचं अक्कानेच मला नंतर सांगितलं. म्हणाली, बिघडलंच होतं, मग कुंचला ताटावरून उचलावासा वाटला नाही. मेण दिसत नव्हतं, हात दिसत नव्हता, ताटही दिसत नव्हतं. तशात तोंडातून शब्द निघाला, थोरले. बावीस आणि वर तीन वर्षांनी निघाला. आणि एकदा निघाल्यावर थांबेना. तिने थोरलीला धुऊन काढलं. सहा दिवस मी तुझ्यासमोर बसले होते, तू कुठे बघत होतीस. तुला पोर नाही म्हणून तुला कळत नाही. खाज सुटली तर कोण खाजवतं विचारणारी पोर तुला नको झाली होय गं. शेजारच्या बाईला वाटलं आपल्यालाच बोलतेय, ती उठून दुसऱ्या बाकावर गेली.

"मी काढत नव्हते," अक्का मला म्हणाली. "मी भांडत होते. हात आपला चालला होता."

जेवणाच्या सुट्टीत तिने मला बोलावलं आणि ताट हातात दिलं. माझ्या डोळ्यांना ते कोरंच दिसलं. फेकू नकोस, बुडव, एवढंच म्हणाली. पिंपावर कुणी नव्हतं. मी ताट बुडवलं, तीन आकडे मोजले आणि वर काढलं. पांढरा थर ताटावरून निथळला आणि जिथे जिथे मेण होतं तिथून मागे सरला. मी ते ताट धरून किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. मान जराशी कललेली. एक भुवई दुसरीपेक्षा वर. ओठ मिटलेले, पण काहीतरी ऐकून घेत असल्यासारखे. अशीच होती. मला आठवत नव्हती, पण बघितल्याबरोबर ओळखली, रस्त्यात जुना माणूस भेटावा तशी. एक रेघ धड नव्हती त्यात. अक्काच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाकड्या रेघा त्या.

"आहे का कुणी?" अक्काने विचारलं.

मी हो म्हणालो. मी वर्णन करायला लागलो, तर तिने हाताने थांबवलं. नको सांगूस, म्हणाली, भाजून निघू दे, मी बोटांनी बघेन. कच्च्या झिलईला बोट लावलं तर ती पुसली जाते. उघड्या मातीच्या त्या रेघा काचेच्या मधोमध हाताला लागणार होत्या, पण भट्टीनंतरच.

मी ताट भट्टीत दाराजवळ लावलं, हाताशी. दाराच्या विटा रचल्या, आग दिली. आग दिली त्याच दुपारी अक्का मेणाच्या शेडच्या पायऱ्यांवर छाती धरून बसली. दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर घेतलं आणि विचारलं, घरी आणखी कोणी आहे का, असेल तर बोलावून घ्या. मी समजलो.

भट्टीवाल्यांची एक म्हण आहे: जळायला एक दिवस, निवायला दोन. आग विझल्यावर दोन दिवस दाराला हात लावायचा नाही. आतली भांडी तापलेली असतात, बाहेरची हवा लागली की तडकतात. हे मी अठ्ठावीस वर्षं नव्या माणसांना शिकवत आलो होतो. आग विझून एक दिवस झाला होता. अक्का खाटेवर डोळे मिटून पडली होती, आणि मी शेजारी बसलो की विचारायची, निवली का? मी म्हणायचो, निवतेय. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी उठलो.

मला वाटलं, दोनच विटा काढू. तेवढ्यातून हात घालून एकच ताट काढू, विटा परत लावू. जाड हातमोजे घातले, विटा काढल्या. भट्टीने श्वास घेतल्यासारखी हवा आत गेली. आणि मग आतून आवाज यायला लागले. टण्. मग एक, मग दोन, मग मोजायचे नाहीत इतके. माझ्या हातातलं ताट सगळ्यांत शेवटी वाजलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि माझ्या दोन हातांत दोन तुकडे राहिले.

घड्याळ धावत आला. भट्टीकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणणार, वेळ झाली. तो काही म्हणाला नाही. अंगातला कोट काढला, तुकडे त्यात गुंडाळले आणि मला दाराकडे ढकललं.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा अक्का जागी होती. मी खाटेवर बसलो आणि दोन्ही तुकडे जुळवून तिच्या पोटावर ठेवले, कोटासकट. तिने हात ठेवला.

"गरम आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, भट्टीतून थेट आणलीय.

"तापासारखी नाही रे. उबेसारखी."

मग तिची बोटं फिरायला लागली. गुळगुळीत काचेवरून खरखरीत रेघेवर, रेघेवरून पुन्हा काचेवर. भुवई. दुसरी भुवई. ओठांवर आली तेव्हा थांबली, जशी फिरकीवर रेघ मिटताना थांबायची. मान कललेली आहे हे तिला कळलं, कारण तिने स्वतःची मानही तशीच कलती केली. मग बोट मधल्या चिरेला लागलं. कपाळापासून खाली गेलं, पुन्हा वर आलं.

"ही रेघ माझी नाही."

"माझी आहे, अक्का. घाई केली मी. दार लवकर उघडलं."

मी तिच्या तोंडाकडे बघू शकत नव्हतो, कोटाच्या गुंड्या मोजत होतो. मग ती म्हणाली, "तुला सरळ रेघ कधी जमली नाही." आणि थोडं हसली. ते हसणं. मग चिरेवर बोट तसंच ठेवून स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली, "लागलंय गं तुला. मला वाटायचं, तुला काही लागतच नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचा काही प्रयत्न नव्हता. तिने मला बाहेर जायला सांगितलं नाही, पण मी असल्याचं ती विसरली असावी. आई बोलायची त्या आवाजात, पाणी भरता भरता बोलायची तसं, ती बोलायला लागली. "थोरले, आई निघाली होती गं. तुला सांग म्हणाली होती. मी सांगितलं नाही." मग जरा थांबून, "आता मीही निघतेय. दोघींचं एकदमच सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा तिचे दोन्ही हात ताटावर होते. ताट गार झालं होतं. ह्या खेपेला दारात येऊन कुणी काही सांगितलं नाही. मीच तिच्या कपाळाला हात लावला.

कारखाना पुढे बंद पडला, घड्याळही गेला, त्याचा कोट माझ्याकडेच राहिला. दोन तुकडे मी तारेने आवळून कोनाड्यात लावलेत, भिंतीवरच्या काळ्या डागासमोर, तोंड घराकडे करून. मी सकाळी पाणी भरायला उठतो तेव्हा तिला सगळं सांगतो. गुडघा काय म्हणतो, सुनेने काय म्हटलं, छप्पर कुठे गळतं. ती मान कलती करून ऐकते. परवा सुरईचंही सांगून टाकलं, साठ वर्षांनी, की मीच फोडली होती. भट्टीचं दार उघडल्याचं मात्र अजून तोंडाने सांगवत नाही. ते तिच्या चेहऱ्यावर आहेच.